सहाशे शहात्तर खटके

"सर, तुम्ही कधी कुणाचं प्रेमपत्र चोरून वाचलंय का?"

हे मी विचारलं. भर हॉलमध्ये, हातात माईक घेऊन, मोठ्या मॅडम पहिल्या रांगेत बसलेल्या असताना. सायली भिलवडे आणि तिच्या कंपूनं पैज लावली होती, की केतकी सातपुतेची एवढी हिंमत होणारच नाही. भडंगाची तीन पाकिटं. मी तेव्हा आठवीत होते आणि त्याच वर्षी मला शोध लागला होता, की आपण उभं राहून बोललो की लोक ऐकतात. सहावीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आता मला खाली बसवणं अवघड झालं होतं.

हॉलमध्ये नुसता दंगा. विज्ञानाचे जनवाडे सर खुर्चीतून अर्धे उठले. पण पाहुणे हसायला लागले. पाहुणे म्हणजे सुभेदार खोत, टाकळीचे. सैन्यात सिग्नलमध्ये होते, म्हणजे संदेश पाठवणं, पकडणं, उलगडणं. सरांनी त्यांना 'युद्धातल्या गुप्त भाषा' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना मधेच 'कसं?' म्हणायची लकब.

"वाचलंय की," ते म्हणाले. "जबलपूरला ट्रेनिंगला होतो तेव्हा. शेजारच्या खाटेवरचा गडी बायकोला सांकेतिक भाषेत पत्र लिहायचा. चार दिवसांत फोडलं. कसं?"

"मग काय होतं त्यात?"

"ते नाही सांगणार. त्यालाही आजवर सांगितलेलं नाही. फोडणं हे अर्धं काम, पोरी. फोडलंय हे तोंडावर दिसू न देणं, हे उरलेलं अर्धं. आणि तेच जड."

टाळ्या पडल्या. त्या मलाच पडल्यासारख्या घेऊन मी खाली बसले. सायलीनं कपाळावर हात मारला.

मग सुभेदारांनी दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगितली. जर्मनांकडे टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं. एक अक्षर दाबलं की भलतंच उमटायचं, आणि तेच अक्षर परत दाबलं तर तिसरंच, कारण आत चाकं फिरायची. चाकं कुठून सुरू करायची ते रोज बदलायचं. ते फोडायची वाट आधी पोलंडच्या गणितवाल्यांनी शोधली आणि मग इंग्रजांनी कपाटाएवढी यंत्रं बांधली, ओळीनं गरगरणाऱ्या ढोलक्यांची. ती चालवायला आरमारातल्या पोरी होत्या, पाळ्या लावून. "आणि त्या यंत्राचं नाव काय? बॉम्ब!" सुभेदार म्हणाले. परत हशा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. तसनीम मुल्लाणी. वर्षभरात हिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल.

"सर, पण मशीनला कसं कळतं, उत्तर बरोबर आलंय म्हणून?"

 सुभेदार स्टेजच्या अगदी कडेला आले. "हा प्रश्न," ते म्हणाले, "मला तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता." आणि पुढची दहा मिनिटं ते हॉलशी बोललेच नाहीत, तिच्याशी बोलले. मशीनला अक्कल नसते, त्याला फक्त फिरता येतं. आधी माणसानं अंदाज द्यायचा, की या मजकुरात अमुक शब्द असणारच. जर्मन लोक रोज हवामानाचा संदेश पाठवायचे, त्यात 'हवामान' हा शब्द यायचाच. तेवढा शब्द धरून मशीन एकेक जागा तपासत जायचं आणि जुळलं की थांबायचं.

"नाव काय तुझं? कुणाची गं तू?"

"इक्बाल मुल्लाणी जॉबर. त्यांची."

इचलकरंजीत जॉबर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माग बिघडला की त्याच्या अंगात कुठं काय दुखतंय ते कान लावून ओळखणारा मिस्त्री. आणि हे इक्बाल जॉबर आमच्याच कारखान्यात होते. आमचे सोळा माग, घराच्या खालीच. मी त्यांना मुल्लाणीकाका म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे.

माझा प्रश्न पुढं आठवडाभर अख्ख्या शाळेच्या तोंडी होता. तिचा प्रश्न एकट्या सुभेदारांच्या लक्षात राहिला, आणि जनवाडे सरांच्या. मला माझी टाळी एकदम पांचट वाटायला लागली. भडंगसुद्धा मी सायलीलाच देऊन टाकलं.

सरांच्या डोक्यात कल्पना आली ती त्याच दिवशी. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन गट. एकानं गुप्त लिहिणारं यंत्र बनवायचं, दुसऱ्यानं ते फोडणारं. प्रदर्शनाच्या दिवशी दोघांची झुंज लावायची, आणि जे जिंकेल ते जिल्ह्याला, कोल्हापूरला जाणार. शाळेतून एकच.

"लिहिणारं कोण करणार?"

मी सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठले.

"आणि फोडणारं?"

तसनीमनं हात वर केला नाही. सरांनी आपणहून तिच्याकडं बघितलं.

माझ्या यंत्राचं नाव कुलूप. तिच्याचं किल्ली. कुलूप तसं सोपं होतं: लाकडाची दोन गोल चाकं, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजीच्या अक्षरांचे सव्वीस-सव्वीस खिळे, आणि दोन्ही बाजूंचे खिळे उलटेसुलटे जोडणाऱ्या सव्वीस तारा. मराठी मजकूर आम्ही मोबाइलवर लिहितो तसा इंग्रजी अक्षरांत लिहायचा. एक बटण दाबलं की वीज दोन्ही चाकांतून वाट काढत जायची आणि भलत्याच अक्षराचा दिवा लागायचा. दर अक्षराला चाक एक घर पुढं. सव्वीस गुणिले सव्वीस, म्हणजे सुरुवात करायच्या सहाशे शहात्तर जागा. कुठून सुरू करायचं ते फक्त मला माहीत. नियम एकच: चाकांतल्या तारा कशा जोडल्यात त्याचा नकाशा किल्लीवाल्यांना द्यायचा, आणि नकाशा दिल्यावर तारांना हात लावायचा नाही.

किल्लीला माझ्या चाकांसारख्या चार जोड्या लागत होत्या, अंदाजाच्या शब्दातल्या एकेका अक्षरासाठी एक. म्हणजे दोनशे आठ तारा. शिवाय ती सगळी चाकं एका दांड्यानं, एकेक घर, न चुकता पुढं सरकवायची सोय. मी मनात म्हटलं, बस आता रडत.

पुढच्या रविवारी ती आमच्या कारखान्यात आली. मी जिन्यात उभी होते. मुल्लाणीकाका भंगारातली जुनी डॉबी पुसत होते. डॉबी म्हणजे कापडात नक्षी पाडण्यासाठी मागाच्या डोक्यावर बसवतात ते. दर फेऱ्याला एक घर सरकायचं, हेच तिचं काम. पप्पा शेजारीच उभे.

"मालक, एवढी पोरीला नेऊ का? प्रदर्शन झालं की आणून ठेवतो."

"ने की! आणून कशाला ठेवताय, भंगारच ते." आणि मग तसनीमकडं बघून, "शिक, शिक बाळा. आमच्या पोरीला तर मागाच्या तेलाचा वास पण सोसत नाही."

हे माझे पप्पा. माझ्या कारखान्यातली डॉबी. आणि मी जिन्यात, दोन पायऱ्या वर, त्यांना दिसेन अशी उभी.

"केतकी, ये की खाली," तसनीम म्हणाली. "बघ, हा दात एका वेळी एकच घर सोडतो."

"अभ्यास आहे," म्हणून मी वर गेले आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

महिनाभर ती शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तारांना सोल्डरिंगचे डाग देत बसायची. बोटांना पट्ट्या. पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या, माझ्याभोवती व्हायच्या त्याच. सायलीसुद्धा! "चल ना गं, बघ तरी, लई भारी आवाज येतोय," असं मला येऊन सांगायची. खरंच यायचा. दांडा फिरवला की खट्, खट्, खट्, अगदी मागासारखा, आणि आठही चाकं कवायतीला उभी असल्यासारखी एकदम वळायची. मी एकदा बघितलं आणि म्हटलं, "दिसायला बरंय."

डिसेंबरात सरावाच्या तीन फेऱ्या झाल्या. मी घरी संदेश लिहायचा, कुलपातून काढायचा, गुप्त अक्षरांची चिठ्ठी तिला द्यायची. पहिल्या फेरीत अकरा मिनिटांत किल्लीची घंटा वाजली. दुसऱ्या फेरीत सात. तिसऱ्यात चार मिनिटं. घंटा वाजली की चाकांची जागा तिला समजायची आणि मग माझा सगळा मजकूर ती गाइडमधलं उत्तर वाचावं तसा वाचायची.

मला कळेना. तिला चार अक्षरांचा अंदाज आधी द्यावाच लागत होता. अंदाजाची चार बटणं ती रुमालाखाली झाकून ठेवायची. माझ्या मजकुरात ती कुठला शब्द धरत होती? मी मुद्दाम 'नमस्कार' टाळला. नावं टाळली. 'कुलूप' हा शब्द टाळला. तिसऱ्या वेळी तर मी नुसती भाज्यांची यादी लिहिली होती, दोडका, पडवळ, आणि तिनं तीही वाचून दाखवली. अख्खी प्रयोगशाळा हसली. जनवाडे सर हसता हसता म्हणाले, "सातपुते, कोल्हापूरला मुल्लाणीच्या किल्लीसाठी मोठी गाडी लागणार बरं का." त्यांनी ते गमतीनं म्हटलं असेल. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

प्रदर्शन मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी दुपारी आई माळ्यावरचं आवरत होती, पप्पा सुताच्या दुकानात गेले होते. मी दुसऱ्या चाकाची झाकणी काढली. नकाशा तिला महिन्यापूर्वीच दिलेला. सव्वीसपैकी दहा तारा मी सोडवल्या आणि आपापसांत बदलून परत डागल्या. वीस मिनिटं लागली.  माझं डागकाम त्या दिवशी सगळ्यात सफाईदार झालं.

मंगळवारी हॉल खचाखच. परीक्षक म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या एक मॅडम आल्या होत्या. माझे आईपप्पा दुसऱ्या रांगेत. मुल्लाणीकाका अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेले, धुतलेला पांढरा शर्ट घालून, भिंतीला टेकून उभे. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभे.

मी संदेश कुलपात टाकला. चिठ्ठी तसनीमच्या हातात गेली. वेळ चाळीस मिनिटं.

तिनं रुमालाखाली बोटं घातली, बटणं लावली आणि दांडा फिरवायला लागली. खट्, खट्, खट्. पोरी मोजायला लागल्या. शंभर. दोनशे. ती शांत होती. चारशेला तिनं एकदा घंटेकडं बघितलं. सहाशेला मोजणाऱ्यांचा आवाज कमी झाला. सहाशे शहात्तर.

घंटा वाजली नाही.

"परत," ती म्हणाली. तिनं बटणं तपासली, चिठ्ठी परत वाचली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. सगळ्या हॉलमध्ये फक्त तो खट् खट् आवाज. मागून कुणीतरी म्हणालं, "किल्ली तुटली!" आणि फिसकन हसू आलं. मुल्लाणीकाका भिंतीपासून सुटून पुढं आले. चपला स्टेजखाली काढल्या, वर चढले, डॉबीच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"अब्बू, डॉबी नीट आहे," तसनीम हळूच म्हणाली.

"नाही बेटा. जुना माल. एखादा दात घासलाय, घर चुकतंय. माझंच चुकलं, नवी आणायला पाहिजे होती."

चाळीस मिनिटं संपली. परीक्षक मॅडमनी मला चाकांची जागा आणि मजकूर जाहीर करायला सांगितला. मी माईक घेतला, ठणठणीत आवाजात सगळं वाचलं. तसनीम मान खाली घालून ते अक्षर अक्षर वहीत उतरवून घेत होती. त्या वेळी मला वाटलं, काय मेलं हिचं चिकाटीचं सोंग.

पहिलं बक्षीस कुलपाला. कोल्हापूर मला. पप्पांनी स्टेजखालीच मला उचलल्यासारखं केलं आणि मग आनंदाच्या भरात, सगळ्यांसमोर, मुल्लाणीकाकांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काय जॉबर! सोळा माग चालवता आणि पोरीचं एक मशीन बंद पाडलं की हो!"

काका हसले. "होय मालक. चुकलं."

जिंकल्याचा आनंद मला हॉलच्या दारापर्यंत पुरला. त्याच्यापुढं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर माझ्या कंपासपेटीत एक चिठ्ठी सापडली. घडी घातलेली. वर दोन आकडे, सात आणि एकोणीस, आणि खाली गुप्त अक्षरं, सलग. अक्षर तसनीमचं. ती तिच्या बाकावर भूगोलाचा नकाशा रंगवत होती, माझ्याकडं बघतही नव्हती.

घरी आल्यावर दप्तर फेकलं आणि कुलूप पुढ्यात घेतलं. खटका उलटा केला की ते गुप्ताचं साधं करायचं. चाकं सात आणि एकोणीसवर लावली. एकेक अक्षर दाबत, लागेल त्या दिव्याचं अक्षर लिहीत गेले.

"श्री. किल्ली चांगली आहे. तारा पण मस्त जोडल्यास. मी कुणाला सांगणार नाही."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. आधी मला तेवढंच वाटलं, की वा, किती स्वच्छ निघालं. आणि मग लक्षात आलं, हे असं निघायलाच नको होतं. कारण माझ्या चाकातल्या तारा अजून बदललेल्याच होत्या. जुन्या नकाशावरून लिहिलेली चिठ्ठी या चाकातून धड निघालीच नसती. म्हणजे तसनीमनं ती माझ्या चोरट्या जोडणीनं लिहिली होती. मी स्टेजवर वाचलेला मजकूर आणि चाकांची जागा घेऊन, नकाशाशी ताडून, कुठली अक्षरं दर वेळी चुकतात ते बघत तिनं दहाही तारा कागदावर शोधून काढल्या होत्या. एका संध्याकाळीत.

आणि दुसरी गोष्ट. 'श्री'?

हिनं 'श्री' का लिहिलं? तिच्या वह्यांच्या पानांवर वरची ओळ नेहमी कोरी असते, मला माहीत होतं. मी माझ्या सरावाच्या वहीची पानं उलटली. पहिला संदेश, वर 'श्री'. दुसरा, 'श्री'. भाज्यांच्या यादीवरसुद्धा 'श्री', आणि त्याखाली दोडका! पहिलीपासून प्रत्येक पानावर लिहितो तसं. आणि कुलूप सुरू करताना बोटांनी तेच आधी दाबलेलं. एस, एच, आर, आय. चार अक्षरं. मी 'नमस्कार' टाळला, नावं टाळली, अख्ख्या मराठीशी वैर घेतलं, आणि 'श्री' हा शब्द आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी मी नुसतं 'श्री' गाळलं असतं तर सरळ, नियमात, सगळ्यांसमोर जिंकले असते.

मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! पकडलं म्हणून नाही. पकडून वर गप्प बसायचं ठरवलं म्हणून. हुशारी तिची, डॉबी तिची, पोरी तिच्याकडं, आणि आता मोठं मनही तिचंच? मला काय ठेवलं होतं तिनं?

गुरुवारी शाळा सुटल्यावर सायकलींच्या शेडमध्ये मी तिची वाट अडवली.

"काय गं, लई मोठी झालीस काय?"

"काय झालं?"

"सांगणार नाही म्हणे. उपकार करतीयेस?"

तिनं दप्तर कॅरिअरला लावलं. "सुभेदारसर म्हणाले होते की. फोडलंय हे दिसू द्यायचं नसतं."

"नाटकं नकोत. खरं सांग."

तिनं कॅरिअरची स्प्रिंग ओढून सोडली. "खरं सांगू? स्टेजवर बोलले असते तर काय झालं असतं? जॉबरच्या पोरीनं मालकाच्या पोरीवर आळ घेतला. आणि संध्याकाळी अब्बूंना पाळीवर जायचं होतं. तुमच्याच घराच्या खाली."

"पप्पा तसे नाहीयेत."

"नसतील. मला ते करून बघायचं नव्हतं."

मी तिच्या सायकलचं हँडल धरलं. 

"मग चिठ्ठी तरी कशाला दिलीस?"

"कुणाला तरी कळायला नको का, किल्ली चालते म्हणून?" तिचा आवाज एवढाच एकदा वर गेला. "अब्बू परवापासून ती डॉबी खोलून बसलेत घरी. दात तपासतायत एकेक. मी सांगते घासलेला नाही, तर म्हणतात, तू माझी बाजू घेऊ नको."

"त्यांना सांग ना मग!"

"काय सांगू? तुझं नाव सांगू? म्हणजे ते रोज तुझ्या पप्पांसमोर मान खाली घालून ते पोटात ठेवतील?"

शेडमधल्या बाकीच्या सायकली निघून गेल्या होत्या. मी म्हटलं, "श्री तुला कसं सुचलं?"

त्याही परिस्थितीत तिला हसू आलं. "तुम्ही सगळ्या लिहिता, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. मी लिहीत नाही. मला पहिलीपासून तेच दिसतंय. आमच्या अब्बूंच्या वहीवर बिस्मिल्लाचा आकडा, सातशे शहाऐंशी असतो, ते तुला पटकन दिसलं असतं."

ती सायकलवर बसून गेली. गल्लीच्या टोकापर्यंत मी तिच्याकडं बघत होते, आणि तेव्हासुद्धा, खोटं कशाला बोलू, मनात आलं ते हेच, की हे वाक्य मला का सुचलं नाही.

घरी आले तर आईनं पलंगावर तीन ड्रेस मांडून ठेवलेले. कोल्हापूरला कुठला घालायचा? निळा की तो जरीकाठाचा? पप्पा चहा पीत फोनवर गाडी ठरवत होते. "पाच माणसं. हो, पोरगी पहिली आलीये आमची." खालून मागांचा आवाज येत होता. दुपारची पाळी होती, म्हणजे मुल्लाणीकाका खालीच होते.

मी फोन संपायची वाट बघितली. मग उभ्यानंच सगळं सांगितलं. नकाशा, रविवार, दहा तारा.

आई मटकन पलंगावर, ड्रेसांवरच बसली. "देवा! कुणाला कळलंय का?"

"तसनीमला."

"ती बोलणार आहे का?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्यांनी मऊ ठेवला, गिऱ्हाइकाशी बोलताना ठेवतात तसा. "हे बघ केतू. चूक झाली. परत करू नको. कोल्हापूरला जायचं मन होत नसेल तर नको जाऊ. आजारी पडली म्हणून सरांना फोन करतो. ते मग त्या पोरीलाच पाठवतील. तिचंही काम होईल, तुझंही नाव राहील. कुणाचं काही बिघडलं का?"

खरं सांगते, ते ऐकून मला एकदम हलकं वाटलं. किती सोपं होतं! दोन दिवस पांघरूण घेऊन पडायचं. कुणी काही विचारणार नाही. तसनीम गप्प, पप्पा गप्प, मी गप्प. आई तर उठून ड्रेसांच्या घड्याही घालायला लागली.

"आणि मुल्लाणीकाका?" मी म्हटलं.

"त्यांचं काय?"

"मंगळवारी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना, पोरीचं मशीन बंद पाडलं म्हणून."

"अगं, गंमत केली मी."

"ते घरी गेले की डॉबी खोलून बसतात, पप्पा. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं."

पप्पा खिडकीकडं बघायला लागले. आई म्हणाली, "तू आता शहाणपणा करू नको हं. मालकाची पोरगी जॉबरपुढं जाऊन माफी मागणार? उद्या कामगार काय म्हणतील?"

मी दाराशी गेले. चपला घातल्या. आवाज माझा तोच होता, हॉलमधला, माईकवरचा, फक्त या वेळी माझ्यावर कुणी पैज लावलेली नव्हती.

"आजारी पडणार नाही मी. उद्या प्रार्थना झाली की जनवाडे सरांना सांगणार, सगळ्यांसमोर, आणि कोल्हापूरला किल्लीच जाणार. ते उद्या. आत्ता मी खाली जाऊन मुल्लाणीकाकांना सांगणारे, की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पप्पा, तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर सांगेन. नाही आलात तर एकटी सांगेन."